निघालेल्याला विचारू नये

“शितल मामाकडं पण नाय,” तिच्या आईनं, गंगीनं फोन पदराला पुसला. “तलासरीला पोचलीच नाय म्हनतो. मंगळवारी गेली, आज गुरुवार.”

जयवंतीच्या हातातली गोळ्यांची पिशवी तिथंच ओट्यावर राहिली. मंगळवारी पहाटे तिनं शितलला पाहिलं होतं. डोक्यावर बोचकं घेऊन पोर उंबराच्या वळणानं खाली उतरत होती. जयवंती पाण्याला निघालेली. नजरानजर झाली. जयवंती म्हणाली, “ये जाऊन.” एवढंच.

पाड्यात निघालेल्या माणसाला ‘कुठं चाललास’ म्हणून विचारत नाहीत. विचारलं की काम मोडतं. चुकून कोणी विचारलंच, तर निघालेल्यानं मागं फिरायचं, घोटभर पाणी प्यायचं, जरा टेकायचं आणि मगच वाट धरायची. म्हणून शहाणी माणसं तोंड मिटून घेतात.

जयवंतीनं हे सांगितलं तशी गंगी म्हणाली, “तू पाह्यलीस? आन् इचारलं नाय?”

“निघालेल्याला कसं इचारायचं, गंगी?”

गंगीनं फोन कमरेला खोचला. तिनं तरी कुठं विचारलं होतं? मामाकडं गेली असेल, असं आपलं धरून बसली होती.

जयवंती पाड्याची आशाताई. दर रविवारी सकाळी खळ्यावर ती तरण्या पोरापोरींना जमवायची. आधी पळणं, मग कबड्डी, मग गोल बसून बोलणं. ‘मनात साचलंय ते बोला,’ हे तिला तालुक्याच्या ट्रेनिंगात शिकवलं होतं. ते ऐकलं की पोरं एकमेकांना कोपरं मारायची. गेल्या रविवारी नर्सबाईंनी सगळ्या पोरांचं रक्त तपासलं आणि हिमोग्लोबिनच्या आकड्यांचा कागद जयवंतीच्या हाती दिला. चार माणसांत कागद वाचायला मिळाला की जयवंतीचा आवाज चढायचा.

“मनिष, तेरा. पुष्पा, अकरा.”

पोरांनी त्याचा निकालच केला. बाराच्या वर पास, खाली नापास. टाळ्या पडू लागल्या.

“शितल, सहा.”

“दहावीत नापास, रगतात पन नापास,” मनिष म्हणाला. खळं हसलं. जयवंतीलाही हसू आलं.

दोन वर्षांपूर्वी शितलच्या पुढं पळणारं पाड्यात कोणी नव्हतं. गेल्या रविवारी मात्र ती अर्ध्यातच छाती धरून खाली बसली होती. नर्सबाई जाताना म्हणाल्या, “सहावालीला उद्याच कासाला दवाखान्यात ने. उशीर नको.” सोमवारी जयवंती दोनदा शितलच्या दारात गेली. शितल आतून बाहेर आली नाही. आणि मंगळवारी पहाटे ते बोचकं.

जयवंती ओट्यावरून उठली ती थेट विहिरीवर गेली. वाकून पाहिलं. हिरवं पाणी, त्यात तिचंच तोंड. मग ओढ्याच्या डोहापाशी गेली. तिथं बुधीबाई गोधड्या बडवत होती.

“काय हरवलं गो?”

“नाय, काय नाय,” म्हणत ती दगडांवरून उड्या टाकत रस्त्याकडं निघाली. एका पायातली चप्पल तुटली, ती तिनं हातात घेतली.

गंजाडच्या नाक्यावर शुक्राची जीप भरत होती. जयवंती चढली, उतरली, परत चढली.

“आशाताई, एका जागी बस ना,” शुक्रा म्हणाला. “कुठं जायचं?”

“तेच नाय माहीत.”

“मग मी काय आभाळात नेऊ?”

तिनं शितलचं नाव घेतलं. शुक्रानं डोकं खाजवलं. “गंगीची पोर? मंगळवारी पयल्या फेरीला होती. डहाणूला उतरली, नरपडच्या वाडीत चिकूवर जाते म्हनाली.”

“तुला सांगितलं तिनं?”

“मी इचारतो ना सगळ्यांना. माझा धंदाच तो.”

नरपडच्या वाडीत शेडमध्ये बाया गोणपाटावर बसून चिकू निवडत होत्या. शेवटी शितल होती. ओठ पांढरे पडलेले. तिनं मान वर केली नाही.

“आई रडतेय,” जयवंती म्हणाली.

“शनवारी येनार होते.”

“शनवार लांब हाय. कासाला चल माझ्याबरोबर.”

“हितं बसून काम हाय. पळायला लागत नाय. कोन आकडा पन वाचत नाय.”

“मी वाचायला नको होता.”

“वाचलंस त्याचं काय नाय,” शितलनं एक मऊ चिकू बाजूला टाकला. “तू हसलीस.”

जयवंतीनं हातातली तुटकी चप्पल खाली ठेवली. ती तिथंच गोणपाटावर बसली आणि चिकू निवडू लागली. मोठे इकडं, बारके तिकडं. अर्धी टोपली झाल्यावर शितलनं विचारलं, “तुझं किती हाय?”

“काय?”

“रगत.”

जयवंतीचा हात थांबला. सात वर्षं तिनं दुसऱ्यांची बोटं धरली होती. “माझं कोनी बघितलंच नाय.”

“तू पन बोट दे. कागद मी वाचनार. मग येते.”

कासाला पोचेपर्यंत ऊन कलंडलं होतं. शितलला लगेच खाटेवर घेतलं. जयवंतीनं बोट पुढं केलं. थोड्या वेळानं कागद आला तो शितलच्या हातात. तिनं तो वाचला. मनातल्या मनात वाचला, घडी घातली आणि जयवंतीच्या मुठीत सारला. जयवंतीनं उघडून पाहिला. आठ.

शितल हसली नाही.

पुढच्या रविवारपासून खळ्यावर रक्ताच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या घडी घालून ज्याच्या त्याच्या हातात जाऊ लागल्या. मनिष म्हणाला, “मावशे, मजा गेली.” जयवंतीनं त्याला दोन फेऱ्या जास्त पळायला लावलं. शितल आठवडाभरानं दवाखान्यातून आली. ती पळत नव्हती. कडेला बसून शिट्टी वाजवायची.

महिन्यानं एका पहाटे जयवंती अंगणात चूल पेटवत होती. उंबराच्या वळणावर बोचकं दिसलं. खाली शितलची चाल, अजून सावकाशच. जयवंतीच्या ओठांवर ‘ये जाऊन’ आलं होतं. ते तिनं गिळलं.

“शितल, कुठं चाललीस?”

शितल थांबली. शेजारच्या ओट्यावर दात घासणाऱ्या बुधीबाईचा हात तोंडातच राहिला.

शितलनं वळून पाहिलं. मग ती अंगणात आली, बोचकं खाली ठेवलं आणि ओट्यावर टेकली. जयवंतीनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं केला.