चार आण्यांची ख्याती

डोणगावात विमलबाईंच्या शेवयांना नाव होतं, हे विमलबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. मात्र नफ्याचा विषय निघाला की त्यांचा आवाज एकदम बारीक व्हायचा. "काय उरते वो माय, पिठाचे पैसेबी निघत नाहीत," असं त्या म्हणायच्या, आणि सगळ्यांत जास्त वेळा ते धाकट्या जावेला, जनकाबाईला, ऐकवायच्या. कारण साधं होतं. चार वर्षांमागे जनकाबाईनं वीस हजार उसने मागितले होते. तेव्हा दिलेलं उत्तर पुढं प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक बारशाला तसंच चालू ठेवणं भाग पडलं.

धंद्यात त्यांची भागीदार बिस्मिल्लाबी. रुपयातले दहा आणे विमलबाईंचे, सहा आणे तिचे, असं पहिल्यापासून ठरलेलं. ईद म्हणा, उन्हाळा म्हणा, दोघींना मान वर करायला फुरसत नसे. त्यात यंदा खामगावच्या एका दुकानदारानं बारमाही माल मागितला आणि विमलबाईंचं अंगण अपुरं पडायला लागलं. मोठी मशीन हवी, पक्की खोली हवी. खोली होती जनकाबाईची, ऐन रस्त्यावर. तिच्या नवऱ्यानं खताचं दुकान बंद केल्यापासून ती कुलपातच होती.

"तिलेच भागीदार घेऊ ना," बिस्मिल्लाबी म्हणाली. "खोलीबी येते, दुकान मोडल्याचा पैसाबी येते मशीनीले."

विमलबाई आधी रुसल्या. मग खामगावच्या माणसाचा पुन्हा फोन आला आणि त्यांचा रुसवा गेला. जनकाबाईला चार आणे द्यायचे ठरले.

त्यांचा हिशेब मेहकरचा राजकुमार पाहायचा. विमलबाईंनी त्याला फोन लावला तेव्हा तो म्हणाला, "काकू, जनकाकाकू आयत्या चालत्या धंद्यात येऊन राह्यल्या. तुम्ही दोघींनी इतकी वर्षं जे नाव कमावलं, त्याची किंमत त्यायनं भरायची. त्याले ख्याती म्हणतात."

हे ऐकून विमलबाईंना फार बरं वाटलं. असा नियम सरकारनं आपल्यासाठीच केला असावा, असं त्यांना वाटलं. "मंग चांगली दाबून लाव," त्या म्हणाल्या.

"तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी काढू, तिची दुप्पट करू. त्यातला चार आण्यांचा वाटा त्या देतील."

विमलबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "नफा तिच्यासमोर सांगावा लागते?"

"भागीदार होऊन राह्यल्या ना त्या!"

"नफ्याचं नको काढू बापा. नावावर काढ. नाव केवढं मोठं आहे आपलं."

"नाव मोठं आन् नफा काहीच नाही, अशा धंद्याची ख्याती मी काढू तरी कशी, काकू?"

त्या रात्री विमलबाईंना जेवण गोड लागलं नाही. नफा लपवावा, तर जाऊ फुकटात मालकीण होणार. नफा सांगावा, तर चार वर्षांचं रडगाणं उघडं पडणार. कोणतं बरं, हे काही केल्या ठरेना.

ठरल्या दिवशी तिघी बसनं मेहकरला गेल्या. राजकुमारनं चहा मागवला. जनकाबाई नवी साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. राजकुमारनं ख्यातीचं तिला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, मले एक सांगा," ती म्हणाली. "बाई तर मले नेहमी सांगतात, पिठाचे पैसेबी निघत नाहीत. मंग तोट्यातल्या धंद्याच्या नावाचे पैसे मी काऊन देऊ?"

बिस्मिल्लाबीनं पदर तोंडाशी नेला. तिचे खांदे हलत होते. राजकुमार पंख्याकडं पाहायला लागला. विमलबाईंनी कप उचलला, संपलेला चहा पुन्हा एकदा प्यायल्या आणि कप खाली ठेवला.

"तोटा असा नाही," त्या म्हणाल्या.

"मंग?"

"निघते थोडाफार."

"थोडा का फार?"

"सांग रे तिले," विमलबाई राजकुमारवर खेकसल्या, जणू सगळं त्यानंच लपवलं होतं.

राजकुमारनं सांगितलं. सरासरी वर्षाला दोन लाख दहा हजार. जनकाबाईनं आकडा ऐकला, पण ती ओरडली नाही. विमलबाईंना ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"मंग तवा वीस हजार काऊन नाही देल्ले, बाई?"

विमलबाईंनी रिकामा कप बाजूला सरकवला. "तू परत देल्ले नसते तं मले मांगता आले नसते. मी मांगितले असते तं तू बोलणं सोडलं असतं. एकाच गल्लीत राहून मी बोलू कोणासंग?"

जनकाबाईनं यावर प्रामाणिकपणे विचार केला. "नसतेच देल्ले परत," ती म्हणाली, आणि तिघीही हसल्या. राजकुमारनं ती संधी साधून आकडेमोड पुढं रेटली. सरासरीची दुप्पट चार लाख वीस हजार, त्यातला चार आण्यांचा वाटा एक लाख पाच हजार. जनकाबाईनं दहा हजार कमी करायला सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

"आता हे चार आणे कोणाच्या वाट्यातून जाणार?" राजकुमारनं विचारलं.

"माह्या सहातून पैसाबी नाही," बिस्मिल्लाबी लगेच म्हणाली. "पोरीचं, गुलनाजचं, कॉलेज चालू आहे."

जावेसमोर आपण मोठं मन दाखवावं, असं विमलबाईंना वाटलं. "माह्यातूनच घे," त्या म्हणाल्या.

"मंग ख्यातीचे सगळे पैसे तुमचेच, काकू. जो वाटा सोडते, पैसे त्याले."

विमलबाईंचा चेहरा खुलला. जनकाबाईनं लिहून दिलेला चेक त्यांनी दोनदा वाचला, घडी न घालता पर्समध्ये ठेवला. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. दहातून चार गेले, उरले सहा. बिस्मिल्लाचेही सहा.

"बिस्मिल्ला," त्या दचकून म्हणाल्या, "आपण बरोबरीच्या झालो का वो?"

"हाव," बिस्मिल्लाबी म्हणाली. "मी तं तिथंच मोजलं होतं."

विमलबाईंनी पर्समधला चेक काढून तिसऱ्यांदा वाचला.

पुढच्या सोमवारी रस्त्यावरच्या खोलीत जनकाबाईच्या भांडवलातून मोठी मशीन लागली. विमलबाई नेहमीसारख्या सगळं आवरून निवांत निघाल्या. खोलीत बिस्मिल्लाबी पीठ मळत होती आणि जनकाबाई मशीनपाशी उभी होती.

"बाई, उशीर झाला," जनकाबाई म्हणाली. "खामगावचा माल जायचा आहे. आन् शेवया जाड येऊन राह्यल्या, पाहून घ्या."

आपल्याच धंद्यात आपल्याला कोणी बोललं, असं आजवर झालं नव्हतं. विमलबाईंच्या जिभेवर चांगलं खमंग उत्तर आलं होतं. पण त्यांनी आधी एक शेवई उचलली, बोटांत धरून उजेडात पाहिली. शेवई खरंच जाड होती. जनकाबाईनं मशीनला चुकीची जाळी बसवली होती, हे त्यांनी लगेच ओळखलं.

"सरक," त्या म्हणाल्या, पदर खोचला आणि जाळी बदलायला बसल्या.

जनकाबाई सरकली, पण फार लांब नाही. जाळी कशी बसवतात ते वाकून पाहत राहिली.

"तिकून नाही, इकून पाह्य," विमलबाई म्हणाल्या आणि तिला दिसावं म्हणून जरा बाजूला झाल्या.