चतुराबाईचा माठ

तेजस्विनीच्या चकतीत खोट काढायला जागाच नव्हती. भाताच्या तुसाची राख चिकणमातीत कालवून भाजलेली, ताटलीएवढी चकती. वरून गढूळ पाणी ओतावं आणि खालून नितळ घ्यावं. नाशकात गंगापूर रोडवरच्या प्रयोगशाळेत चार वर्षं खपून तिने ती केली होती. मग पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर साठ घरांना, प्लास्टिकच्या टाकीत बसवून, तोटी लावून दिली. दर पंधरवड्याला ती तोटीखालचं पाणी तपासायची. जंतू शून्य. आणि तरी मागच्या पावसाळ्यात पाड्यावरच्या एकतीस पोरांना जुलाब लागले. आता बोला.

तिचे मार्गदर्शक हर्षल सर माणसांच्या सवयींचे अभ्यासक. लोक टाकी वापरतच नसणार, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी घरोघर रंगीत चित्रं चिकटवली, त्यातली निम्मी शेळ्यांनी खाल्ली. मग तोटीला मोजणीयंत्र लावलं, तर तोटी दिवसाला पंचवीसदा उघडत होती. म्हणजे वापर चोख, पाणी शुद्ध आणि पोरं आजारी. पावसाळ्याआधी कारण सापडलं नाही, तर पैसे देणारी समिती प्रकल्प गुंडाळणार होती.

तेजस्विनीची एक खोड होती. ती पाड्यावर पाणी प्यायची नाही. दीड वर्षात तिथल्या म्हाताऱ्या चतुराबाईने शंभरदा तांब्या पुढे केला असेल, हिचं आपलं एकच, "नको आजी, माझी बाटली आहे." दारी आलेल्या माणसाने पाणी नाकारावं, हे म्हातारीला फार लागायचं. पण बोलली नव्हती बिचारी.

एप्रिलात एकदा बाटली जीपमध्ये राहिली आणि जीप गेली डिझेल भरायला. चतुराबाईच्या दारात पोचली तेव्हा उन्हाने जीव नुसता कासावीस. शेवटी तिने मागितलंच, "आजी, पाणी देता?"

"लागली का तहान एकदाची," चतुराबाई म्हणाली. ती टाकीकडे वळलीच नाही. कोपऱ्यातल्या माठावरचं झाकण काढून ग्लासासकट हात मनगटापर्यंत आत बुडवला आणि भरलेला ग्लास पुढे केला.

"टाकीतलं नाही?"

"टाकीतलंच हाय. तोटीखाली तांब्या भरायचा, माठात ओतायचा. प्लास्टिकातलं पाणी कोमट लागतं, ते कोण पिणार? सगळी असंच करतात."

तेजस्विनीने कपाळावर हात मारून घेतला. दीड वर्ष ती तोटीचं पाणी तपासत होती, आणि पोरं पीत होती शेणामातीच्या हातांनी ढवळलेलं. एकदा, नुसतं एकदा इथं पाणी मागितलं असतं तर? तिला स्वतःची लाज वाटली. ग्लास मात्र तिने एका दमात रिकामा केला, आणि पुढचे दोन दिवस पोट धरून बसली.

"आता माठ फेकायला सांगशील," ती परत आली तेव्हा चतुराबाई म्हणाली.

"छे हो. माठालाच तोटी लावते."

पेठचा कुंभार भिमाजी कामाला लागला. तोंडावर चकती घट्ट बसेल, हात आत जाणारच नाही, असा माठ त्याने घडवला. पहिले नऊ तोटीपाशी तडकले. भिमाजी वैतागला, पण ही बया हटायला तयार नाही. तिने फुटक्या माठांचीच पूड करून मातीत मिसळायला लावली. दहावा टिकला, आणि पाणी कसं गारेगार! समितीने एक पावसाळा दिला, आणि घरोघर नवे माठ गेले.

सप्टेंबरअखेर नाशकात बैठक झाली. पाड्यावरच्या आरोग्यसेविका आशाताईंच्या वहीतले आकडे तेजस्विनीने वाचले: गेल्या वर्षी एकतीस पोरं, यंदा चार. हर्षल सर उभे राहून टाळ्या वाजवू लागले. "आता चाळीस पाडे घ्या," अध्यक्ष म्हणाले. तेजस्विनीला रडू आवरेना, आणि तिने ते आवरलंही नाही. बाहेर येऊन तिने पहिला फोन पाड्यावर लावला.

"आजी, जिंकलो आपण. एकतीसची चार झाली."

चतुराबाईने विचारलं, "ती चार कोणाची?"

आकडा तेजस्विनीला तोंडपाठ होता, नावं नव्हती. वही उघडून तिने वाचून दाखवली. चारही पोरं ओढ्याकाठच्या दोन घरांतली.

"त्यांचे जुने माठ अजून तसेच असतील. थांब, बघते मी." फोन चालूच राहिला, चपला घासत गेल्याचा आवाज आला आणि दूर कोणाला तरी मारलेली हाक.

हर्षल सर पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "घ्या मॅडम, तोंड गोड करा."

"पाड्यावर खाऊ, सर. दोन घरं राहिलीत." तिने पुडा पिशवीत टाकला, आपली पाण्याची बाटली काढून व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवली आणि जीपकडे निघाली.