वाकड्या झाडाखालची ताटली

"पंचेचाळिशीचा घोडा झाला, तरी ताटल्या फेकतोय," म्हातारी काठीने झुडूप झोडपत म्हणाली. "आणि वर आईला शोधायला लावतोय. लोकांची मुलं आयांना तीर्थाला नेतात."

"ताटली नाही गं, डिस्क," मुलगा झुडपापलीकडून म्हणाला.

"हरवली की ताटलीच."

बायको सोडून गेल्यापासून तो दर रविवारी शहरातून यायचा. आईच्या घरामागच्या रानात साखळ्या लोंबणाऱ्या टोपल्या त्यानेच उभ्या केल्या होत्या. झाडांमधून डिस्क फेकत न्यायची आणि साखळ्यांवर आदळून टोपलीत पाडायची, एवढाच काय तो खेळ. घरात तो चहासुद्धा उभ्यानेच घ्यायचा. 'बरी आहेस ना'च्या पुढे गाडी सरकत नसे. दोघं बोलायची ती डिस्क हरवली की. खाली बघत चालताना जीभ जरा सैल होते.

आजची लाल डिस्क तिला मघाशीच सापडली होती, वाकड्या झाडाच्या बुंध्याशी. तिने काठीने तिच्यावर पाचोळा ओढला, आणि तोंडाचा पट्टा चालूच ठेवला.

"मित्र बोलावतायत," तो म्हणाला. "शहरात मोकळं मैदान आहे. तिथे काही हरवत नाही. पुढच्या रविवारी ये म्हणतात."

काठी थांबली.

"मग जा की. मी काय दावणीला बांधलंय तुला?"

"जाईन बहुतेक." त्याने एक फांदी बाजूला सारली. "पण मोकळ्यावर नुसता दंडात जोर हवा. इथे आधी वाट दिसावी लागते. त्या दोन झाडांमधून सोडायची, वाकड्याला वळसा घालून ती आपसूक आत वळते. झाडं आडवी येतात, पण फसवत नाहीत. कुठेतरी फट ठेवतातच. चुकलं तर आपलं चुकलं. आणि साधलं, की साखळी अशी वाजते ना..."

"वाजली की काय करतोस?"

"वळून बघतो." तो हसला. "कोणी नसतंच म्हणा."

म्हातारीने काठीचं टोक गवतावर पुसलं. ते स्वच्छच होतं.

घरातून साखळी तिला दर वेळी ऐकू यायची. हातातलं काम ठेवून ती कान द्यायची. हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. आताही ओठाशी आलेलं तिने गिळलं.

बोलता बोलता तो वाकड्या झाडाशी पोचला होता. 'तिथे बघून झालंय' म्हणायला तिने तोंड उघडलं, पण उशीर झाला. बुटाने पाचोळा सरकला आणि लाल कड उघडी पडली. तिने घाईने मान वर केली, जणू ताटली फांदीवरच बसली असावी. डोळ्याच्या कोपऱ्याने मात्र बघत राहिली.

तो वाकला नाही. पाचोळ्यावर काठीने ओढलेल्या रेघा होत्या, त्यांच्याकडे बघत राहिला. मग बुटानेच चार पानं हळूच त्या लाल कडेवर सारली.

"इथेही नाही गं," तो म्हणाला.

म्हातारीने घसा खाकरला. काठी जमिनीवर दोनदा आपटली.

"डोळे आहेत की बटणं? असल्या आंधळ्याने मोकळ्या मैदानावर जाऊ नये. तिथे तुझ्याबरोबर शोधायला कोण बसलंय? रविवारी लवकर ये, उजेडाचं बघू."