अंगणाची लांबी

प्रार्थनेत ‘दूर’ हा शब्द जपून वापर, असं सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. किती दूर, ते देव विचारत नाही, म्हणाल्या. मी भूगोलात एम.ए. केलेली. हसले आणि पोळ्या लाटत राहिले. रविवारी आमचं अंगण लांब झालं.

एरवी ते एवढंसं आहे. माझ्या तान्ह्या ओबेदला कडेवर घेऊन फाटकातून निघालं, तर त्याची एक जांभई पुरी व्हायच्या आत दार येतं.

त्या दिवशी घरगुती उपासना आमच्याकडे होती. चर्चचे पाळक बाहेरगावी गेलेले, म्हणून त्यांच्या जागी त्यांची बायको, पाळकीणबाई, आल्या होत्या. बायकांच्या चपला ओळीनं लागल्या, पेटी निघाली आणि पहिल्याच गीताला फाटक वाजलं. वस्तीतली माणसं काठ्या घेऊन आत शिरली. या घरात पुन्हा प्रार्थना होणार नाही, एवढंच सांगायचं होतं त्यांना. मी खिडकीशी होते. ओबेद झाल्यापासून मी खिडकीशीच असते. दाराला आतून अडसर घातला तो मीच.

“साखळी धरा,” पाळकीणबाई म्हणाल्या.

साखळी म्हणजे एकीची प्रार्थना संपली की दुसरीनं उचलायची, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. पहिली मी केली. म्हटलं, प्रभू, त्यांना आमच्यापासून दूर ठेव. सगळ्या बायकांनी आमेन म्हटलं, आणि फाटकाजवळचा शेवगा फाटकासकट मागे गेला. माणसं चालत होती. नीट, पाय उचलून चालत होती. पण दार येत नव्हतं.

“बघा,” पाळकीणबाई म्हणाल्या. “ते चालतायत तोवर त्यांचा न्याय चाललाय.”

मला ते पटलं. अजूनही पटतं. देव आमच्या बाजूनं आहे, हे मला गजांतून स्वच्छ दिसत होतं. ऊन तेव्हापासून जिथल्या तिथे आहे.

सासूबाई चहा टाकायला उठल्या आणि तशाच परत आल्या.

“ओटा नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे ओटा नाही. मोरी पण नाही. भिंत आहे.”

लांबी कुठून तरी यायलाच हवी होती. अंगणाला ती घरातून मिळत होती. प्रत्येक आमेनला मागची भिंत पुढे येत होती, अगदी सावकाश, झोपलेल्या मुलाला धक्का लागू नये अशी.

“भूगोलवाली ना तू?” सासूबाई म्हणाल्या. “काढ आता नकाशा.”

आलेल्या माणसांत यमुनामावशी आहे, हे मला नंतर दिसलं. जन्मापासून ओबेदला तिनंच न्हाऊ घातलंय. तिच्या पोटऱ्यांवर तेलपाण्यातच तो झोपून जायचा. सगळ्यांच्या मागे, हिरव्या लुगड्यात, अनवाणी चालत होती. काठी तिनं उलटी धरली होती.

“मावशी, तू कशाला आलीस?” मी ओरडले.

आवाज पोचायला वेळ लागला.

“सगळे निघाले! म्हणाले, काठी धर! धरली!” मग थोडं चालून, “पोराला न्हाऊ घातलंस का? का ठेवलायस तसाच पारोसा?”

“मोरी नाही राहिली!”

“बाई गं! आणि अंगण बघ केवढं वाढवून ठेवलंय. झाडणार कोण, तुझी सासू?”

“ऐकू येतंय मला,” सासूबाई म्हणाल्या.

मग पाळकीणबाईंना ठसका लागला. साखळी तुटली. अंगण एका झटक्यात आटलं आणि पुढच्या माणसाची काठी गजांतून आत, पाळण्याच्या दोरीपर्यंत आली. त्याच्यामागे यमुनामावशी होती, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर. तिच्या टाचा फुटून लाल झाल्या होत्या. ओठांवर पांढरं आलं होतं.

“पाणी दे गं,” ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, जशी काम झाल्यावर मागायची.

पाण्याचं म्हणून घरात काही असेल तर ओबेदची बाटली. मी ती गजांतून बाहेर धरली. तिनं हात पुढे केला. तेवढ्यात मागून कुणीतरी प्रार्थना उचलली, घाईघाईनं, मोठ्यानं. आमेन झालं. काठी गेली आणि तो हातही गेला. बाटली खिडकीखाली पडली ती तिथेच आहे. भिंत पाळण्याला टेकली.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “प्रभू, यमुनामावशीला जवळ आण. काठी तिची नाही.”

कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकीणबाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

“एक आली की सगळे येतील, सुवार्ता.”

“आमेन,” सासूबाई म्हणाल्या.

एकटीच्या आमेननं जेवढं व्हायचं तेवढं झालं. अंगणाच्या मधोमध एक पट्टा आखडला, लुगडं वाळत घालावं एवढ्या रुंदीचा. त्याचं एक टोक आमच्या दाराशी आणि दुसरं शेवग्याखाली, मावशीपाशी. बाकीचे दोन्ही बाजूंना अजून चालत आहेत. तिनं फक्त उठून यायचं होतं. पण ती आधीच बसली होती.

मीच जायला वळले. आमचं दार आत उघडतं. आत आता आम्ही सगळ्या उभ्या आहोत, खांद्याला खांदा, पाळणा छातीशी धरून, आणि दाराला फिरायला जागा नाही. साखळी चालू आहे. प्रभू तिचाही न्याय करील आणि तो चांगलाच करील, याची मला खात्री आहे. फक्त तोवर ती टिकायला हवी.

तुम्ही रस्त्याच्या बाजूला आहात. तिकडून आमचं अंगण एवढंसंच असणार. फाटकाची कडी आतून आहे, वरून हात घातला की निघते. शेवग्याखाली हिरव्या लुगड्यातली बाई दिसेल. तिला मावशी म्हणून हाक मारा. ओ दिली नाही, तर आधी तिच्या मुठीतली काठी सोडवा, आणि नाकाखाली बोट धरून बघा.