वर एक पॅनेल

कागलच्या बाजारात रुद्राप्पाच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. माप भरून झालं की वर एक मूठ घालायची, त्याशिवाय गिऱ्हाईक पायरी उतरायचं नाही. दुकान गेलं, रुद्राप्पा वायरमन झाला, पुढं सोलर बसवू लागला, पण ती वरची मूठ काही त्याच्या हातातून सुटली नाही. पाच बल्ब सांगितले तर हा सहा लावून द्यायचा. बायको शिवम्मा वैतागून म्हणायची, या माणसाला हात आवरता येत नाही. लोकांना मात्र तो फार आवडायचा, आणि आपण आवडावं अशी त्यालाही हौस होती, खोटं कशाला बोला.

त्र्यंबक सरांचं काम त्यानं त्याच हौसेनं घेतलं. कोल्हापुरात जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या सरांनी गगनबावड्याच्या वर, पठारावर दोन खोल्यांचं लाकडी घर बांधलं होतं. विजेचे खांब तिथवर पोचलेच नव्हते. त्यांच्या पत्नी लीलाबाईंची फुप्फुसं निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी काही महिन्यांची मुदत सांगितली, तेव्हा बाईंनी एकच मागितलं: जे व्हायचं ते वर, आपल्या घरात होऊ दे, दवाखान्यात नको. त्यासाठी ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालायला हवं होतं, आणि त्यासाठी सोलर.

गणित शांभवीनं मांडलं. ती रुद्राप्पाची मुलगी, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेली. पॅनेल एका ओळीत जोडले की त्यांच्या व्होल्टची बेरीज होत जाते, आणि हा इन्व्हर्टर साडेचारशेच्या वर सोसणारा नव्हता. तिनं कागदावर ठळक लिहून दिलं, ओळीत आठच. रुद्राप्पानं आठ बसवले आणि पदरचं नववं त्याच ओळीत जोडून दिलं. अगदी आंधळेपणानं नव्हे. पॅनेलमागच्या चिठ्ठीवर साडेएकोणपन्नास व्होल्ट छापलेले, नऊचे झाले साधारण चारशे पंचेचाळीस. बसतंय की, असं म्हणून त्यानं पाना खिशात घातला. अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या लीलाबाई "एक जास्तच दिलंत," म्हणून हसल्या, आणि हा गडी फुलून घरी आला.

डिसेंबरात एका सकाळी सरांचा फोन आला. पॅनेलवर ऊन पडलं आणि इन्व्हर्टरमधून फट्‌ असा आवाज होऊन सगळं बंद पडलं. जवळ एकच सिलिंडर होता, त्यावर बाईंना कसंबसं कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं.

"माल खराब निघाला हो," सर म्हणाले. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

रुद्राप्पानं हे घरी सांगितलं. शांभवीनं विचारलं, "अप्पा, ओळीत किती जोडल्यात?"

"नऊ."

"आणि वर थंडी किती हुती?"

"आठ डिग्री म्हणत हुते सर."

तिनं बोटांवर हिशेब केला. "चिठ्ठीवरचा आकडा पंचवीस डिग्रीचा असतोय. गारठ्यात व्होल्ट वाढत्यात, अप्पा. नऊचं चारशे पासष्ट तरी झालं असत्याल."

"कबनूरला यंत्रमागाच्या शेडवर मी कितीदा नऊ जोडल्यात—"

"तिथं पत्रा तापतोय."

रुद्राप्पाच्या काळजात लख्ख उजेड पडला आणि तो उजेड त्याला सोसवेना. वर जाऊन गुपचूप नववं काढलं असतं, नवा इन्व्हर्टर लावला असता, तर कुणाला कळणार होतं? सरांनी तर दोष आधीच दुसऱ्याच्या गळ्यात घातला होता. दुपारपर्यंत त्यानं हा विचार चघळला, आणि स्वतःचीच शिसारी येऊन दवाखाना गाठला.

"सर, माल चांगला हुता. मी जाळला." दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. "पोरीनं आठ सांगितलं हुतं. वरचं एक माझं."

"का?" सरांनी विचारलं.

"सवय हाय."

हे उत्तर त्याला फार हलकं वाटलं, पण खरं तेवढंच होतं. सरांनी वर बाईंच्या खोलीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "घरी नेतो म्हणून आत्ताच कबूल करून आलोय तिला. किती वेळ लागेल?"

"उद्या दुपारपातूर."

"मग इथं उभे का आहात?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाप-लेक पठारावर होते. गवत दवानं भिजलं होतं, बोटं वळत नव्हती. नववं पॅनेल ओळीतून काढून त्यानं भिंतीला टेकवलं. कोवळं ऊन पडल्यावर शांभवीनं मीटर लावला, चारशे चौदा. मग नवा इन्व्हर्टर जोडला. त्या दिवशी त्यानं एक स्क्रूसुद्धा जास्तीचा लावला नाही. मशीन सुरू झालं, तेव्हा बाईंच्या पलंगावरची चादर त्यानं स्वतः झटकून घातली आणि नळी उशाशी ठेवली. पहिल्यांदाच त्याला थोडा श्वास आल्यासारखं वाटलं.

बाराच्या सुमाराला रुग्णवाहिका चढ चढून आली. मागच्या दारातून सर उतरले. रुद्राप्पा धावतच पुढं झाला.

"चालू हाय, सर. बाईस्नी थेट आतच घ्या."

"मशीन राहू दे," सर म्हणाले. "सकाळीच गेली ती. पण वर आणायचं कबूल केलं होतं मी."

रुद्राप्पा आत गेला, मशीनचं बटण बंद केलं, आणि बाहेर येऊन स्ट्रेचरची एक बाजू धरली.