सुतकातलं पुस्तक

दौलतने देव्हाऱ्यावरचा पंचा उचलायला हात घातला आणि हौसाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"सुतक आहे. दहा दिवस देवांना हात लावायचा नाही."

"आई, मला फक्त बायबल हवंय. ते पुस्तक आहे."

"देव्हाऱ्यात आहे ना? मग देवच तो."

दौलतचे काका, काळुराम, परवा गेले तेव्हा हौसाबाईंनी देव झाकले. त्यांच्यासोबत बायबलही झाकलं गेलं. आता यात कुणाची चूक म्हणायची? कोपरीच्या प्रार्थनामंडळातून दौलतने ते आणलं तेव्हा याच बाईने, घर बाटवतोस काय, म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं. पण दवाखान्यातून सुटलेला पोरगा दारूच्या वेळेला घरात बसून वाचायला लागला, डोळे मिटून प्रार्थना करायला लागला. मग एके दिवशी तिनेच पुस्तकाला हळदकुंकू लावलं आणि खंडोबाशेजारी ठेवलं.

दौलत भिंतीला टेकून बसला. पाठ असलेल्या ओळी पुटपुटल्या, मध्येच अडकला, पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला. मग तळहात पँटला पुसत उठला.

"काकांकडे जाऊन येतो. माणसं बसलीयत."

माणसं काय घेऊन बसलीयत ते तिघांनाही ठाऊक होतं. हौसाबाईंनी सुनेकडे पाहिलं. कल्पिता भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"जाऊ दे त्यांना, आई. माझ्यात आता मागे धावायचं त्राण नाही."

ती हे भांडून म्हणाली असती तर हौसाबाईंना बरं वाटलं असतं. दौलत चपला शोधत होता. पोराला गटाराच्या कडेवरून उचलून आणणारी हीच सून, आणि आज ती भाकरी उलटून शेकत बसली होती. हौसाबाईंनी पंचा ओढून काढला, देवांकडे न बघता पुस्तक घेतलं आणि दौलतच्या हातात कोंबलं.

"बस. वाच."

"अगं, सुतक..."

"माझ्या देवांना मी समजावीन. तुझ्या देवाला तू सांग, म्हातारीने विटाळ केला."

दौलत बसला. पान सापडेना. सापडलं तर ओळ सापडेना. हौसाबाई पदराने तोंड पुसत समोर बसून राहिल्या. शेवटी तो वाचू लागला, शाळेतल्यासारखा, एकेका शब्दावर थांबत.

कल्पिताने गॅस बंद केला. पिठाचे हात तसेच घेऊन ती आली आणि दाराला पाठ लावून, त्याच्या चपलांवर बसली.