नमस्कार करणारा टॉवर

मंगळवारी तो दोन बोटं झुकला होता, शुक्रवारी वीतभर. पुढच्या सोमवारी, म्हणजे आमच्या कोसमटोल्याच्या बाजाराच्या दिवशी, शाळेमागच्या पटांगणात एवढी गर्दी लोटली की भाजीवाल्यांनी आपली दुकानंच तिकडे हलवली. भामरागडहून लोक आले, आलापल्लीहून जीप भरभरून आल्या. सगळ्यांच्या माना वर होत्या. पटांगणाच्या मधोमध साठ फुटी लोखंडी टॉवर उभा होता आणि तो पश्चिमेकडे, तरंगगिरी महाराजांच्या मांडवाकडे अदबीने वाकलेला होता.

"काल इतका नव्हता बाई," एक म्हातारी म्हणत होती.

"काल महाराजांचा उपास होता ना," दुसरीने खुलासा केला.

हा टॉवर माझा. म्हणजे मी, वामनराव रामटेके, निवृत्त मास्तर, यानेच तो उभा केला. नाल्याला पूर आला की आमचं गाव आठ-आठ दिवस जगापासून तुटतं आणि मोबाइल दुसऱ्या दिवशीच मान टाकतो. रेडिओचं तसं नसतं. बॅटरी आणि उंचावर टांगलेली अँटेना असली की थेट गडचिरोलीशी बोलता येतं, डॉक्टरला निरोप देता येतो. म्हणून साठी उलटल्यावर मी परीक्षा दिली, हौशी रेडिओचा सरकारी परवाना काढला. ग्रामपंचायतीने जागा दिली आणि चामोर्शीच्या कमरुद्दीनने उन्हाळ्यात टॉवर बांधून दिला.

कमरुद्दीन फॅब्रिकेशनवाला. माणूस तोंडाने फटकळ, कामाला चोख. आधी त्याने विजेच्या तारेपासून टॉवरच्या उंचीच्या दीडपट अंतर पावलांनी मोजलं. "गुरुजी, टॉवर उभा कुठी राहाते ते पाहू नका. पडला तं कुठी पडते ते पाहा," असं तो म्हणाला. मग तीन बाजूंना ताणाच्या तारा लावल्या. प्रत्येक तारेचं टोक कमरेइतक्या खड्ड्यात काँक्रीटच्या ठोकळ्यात गाडलं आणि वर माती टाकून धुमसाने ठोकून बसवली. जाताना बजावलं, "तिन्ही ठोकळ्यांभोवती कुंपण घाला. ही वरची माती हायेना, तिच्याच वजनावर सारं हाय." मी म्हणालो, कोण हात लावतो रे. कुंपण घातलं नाही. ही चूक माझी, आणि ती मी आधीच कबूल करून टाकतो.

भाद्रपदात तरंगगिरी महाराज वरोऱ्याकडून अवतरले. भगवी कफनी, हातात दोन मोबाइल, आणि तोंडात संस्कृत, हिंदी आणि मोबाइल दुकानाच्या जाहिराती यांची खिचडी. वारा सुटला की ताणाच्या तारा घुमतात. कोणतीही ताणलेली तार घुमते. महाराजांनी डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, "ओंकार! ही देवीची फ्रिक्वेन्सी आहे. भक्तांनो, तुमचा रिसीव्हर शुद्ध करा, सिग्नल आपोआप येईल." सरपंचांनी पहिला नारळ फोडला. चार दिवसांत मांडव पडला, मांडवाला आकडा टाकून वीज आली. जी विजेची तार टॉवरपासून लांब ठेवायला कमरुद्दीनने पावलं मोजली होती, तिचीच एक फांदी आता टॉवरखालून गेली.

आमच्याकडे देवस्थानाला गेलं की तिथली चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि थोडी पदराच्या गाठीला बांधून आणायची, अशी रीत आहे. महाराजांनी ती रीत बरोबर हेरली. "माती पूर्वेच्या तारेखालची घ्या. पूर्व म्हणजे उगवती दिशा." तापाला चिमूट, गुडघ्याला मूठ, आणि हैदराबादच्या जावयासाठी डबाभर. बायका खुरपी घेऊन येऊ लागल्या. एक पेन्शनर साहेब तर गोणीच घेऊन आले. त्यांना म्हणे बरेच आजार होते.

तिसऱ्या आठवड्यात टॉवर वाकला, आणि वाकला तो नेमका महाराजांकडे. मग काय विचारता! मी सरपंचांना म्हणालो, अहो, हे धोक्याचं आहे. ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्याच खांबाले मान भेटून राह्यला, तुमी काऊन तोंड वाकडं करता?"

एकच माणूस मातीला शिवला नव्हता, तो माडिया आदिवासींच्या पाड्यावरचा लालसू. त्याला मी विचारलं, तर म्हणाला, "आमचा पेन झाडात राहाते, गोट्यात राहाते. लोखंडात राहाते असं आमाले कोणी सांगतलं नाई." पेन म्हणजे त्यांचा देव. शहरी लोक या पाड्याला अडाणी म्हणतात. गोणी घेऊन आलेले साहेब मात्र पदवीधर होते.

मला खरा घोर होता तो नीलाबाईचा. ती शाळेत खिचडी शिजवते. तिची मुलगी दिव्यानी बारा वर्षांची, तिला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आजार. पावसाळी हवेत तिचे पाय इतके ठणकतात की पोर रडतही नाही, नुसती दात आवळून बसते. महाराजांनी तिला ऐन टॉवरसमोर, पहिल्या चटईवर बसवलं होतं. "इथे सिग्नल फुल आहे. गोळ्या बंद. खांबाच्या छायेतून उठायचं नाही." आणि आता त्यांनी जाहीर केलं होतं, की सोमवारी चार वाजता खांब साष्टांग नमस्कार घालेल.

मी रविवारीच कमरुद्दीनला फोन लावला. टॉवर झुकलाय, असं सांगितलं. तो म्हणाला, "माझा टॉवर झुकत नाई, गुरुजी," आणि फोन ठेवून दिला. सोमवारी अकराला त्याची मोटारसायकल पटांगणात शिरली.

त्याने पिशवीतून ओळंबा काढला, दूर उभं राहून दोरी डोळ्यासमोर धरली आणि एक डोळा मिटला. मग एकेक तार लांबूनच बांबूने ठोकली. दोन तारा खणखणल्या. पूर्वेची लटकन हलली, आवाज नाही.

सरपंच लगबगीने आले. हळूच म्हणाले, "कमरुभाऊ, चमत्कार हाय म्हणा आणि मोकळे व्हा. नाई तं लोक म्हणतील काम कच्चं होतं. उगाच नाव खराब."

"काम कच्चं हाय का पक्कं ते मी पाहतो," कमरुद्दीन म्हणाला. "तुमी देवाले मधात नका घालू."

पूर्वेच्या ठोकळ्यापाशी गेलो तर तिथे गुडघाभर खड्डा होता. त्यात पावसाचं पाणी साचलेलं, आणि पाण्यात कमरुद्दीनच्या काँक्रीटचा कोपरा एका बाजूने उचललेला दिसत होता. तो खाली बसून पाहत राहिला. मी तोंड चुकवलं. त्याने कुंपणाचं नावही काढलं नाही, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

"आता भरू का माती?" मी विचारलं.

"चिखलात माती भरून काय होते? तारेले ताण द्यावा तं ठोकळा उपसून येते. वर माणूस चढवाचा तं सवालच नाई. आधी खालची माणसं काढा, आन तो आकडा काढा."

लाइनमन प्रणित गर्दीतच होता, प्रसादाच्या रांगेत. त्याला हाताला धरून काढलं. तो आधी कुरकुरला, पण खड्डा पाहिल्यावर निमूट गेला, ट्रान्सफॉर्मरवरून लाइन बंद केली आणि आकडा उतरवला. लाउडस्पीकर गप्प झाला.

माणसं मात्र हलेनात. चार वाजताचा नमस्कार पाहायला ती पाच कोसांवरून आली होती. कमरुद्दीनने मग वाद घातला नाही. भाजीवाल्याकडून एक बांबू घेतला, मांडवापासून लांब, गर्दीला दिसेल असा उभा केला. तीन बाजूंना सुतळ्या ताणून खुंट्या मारल्या, खुंट्यांवर माती दाबली. बांबू ताठ उभा राहिला.

"दिव्यानी बेटा, इकडे ये," त्याने हाक मारली. पोर चटईवरून उठली, लंगडत आली. नीलाबाई मागोमाग. "या खुंटीची चिमूट चिमूट माती काढ. दुसरीले हात नको लावू."

दिव्यानीने एक चिमूट काढली. काही झालं नाही. लोक हसले. दहाव्या चिमटीला खुंटी हलली. पंधराव्याला सुतळी सैल पडली आणि बांबू हळूच पलीकडच्या बाजूला कलला. पलीकडे सोयाबीनच्या पोत्याला एक बकरी बांधलेली होती.

"घ्या," कमरुद्दीन म्हणाला. "बांबू बकरीले नमस्कार करून राह्यला. आता बकरीची आरती करा."

आधी पोरं हसली, मग बायका. एका म्हातारीने पदराची गाठ चाचपली आणि खड्ड्याकडे वळून पाहिलं. महाराजांनी हात वर केला. "बालकांनो, हे विज्ञान आहे. विज्ञान बांबूला लागू. श्रद्धेचं नेटवर्क वेगळं."

"बरं," कमरुद्दीन म्हणाला. "पण महाराज, खांब तुमाले नमस्कार करते ना? तुमची गादी तं आधी तिथी होती, त्या पहिल्या चटईमागं, ठसा अजून दिसून राह्यला. आता तिकडे निंबाखाली काऊन नेली?"

खरंच, गादी वीस पावलं उत्तरेला सरकली होती. माझ्याही डोळ्यांसमोर होती आणि मला ते सुचलं नव्हतं.

"भक्तांच्या सोयीसाठी," महाराज म्हणाले.

"भक्तांची सोय झाली. आता तुमी या. चार वाजेपर्यंत त्या चटईवर बसा. मी तुमच्या बाजूले बसतो."

महाराजांनी घड्याळ पाहिलं. आकाश पाहिलं. मग आपली ध्यानाची वेळ झाल्याचं सांगितलं. ध्यान त्यांना निंबाखालीच लागत असे.

लालसू इतका वेळ बांबूपाशी उकिडवा बसला होता. तो उठला. "आमचा पेन नाराज झाला तं पुजारी पयला पुढं जाते," तो म्हणाला. "हा पुजारी मागं राहाते. चला रे." त्याच्या पाड्यावरची माणसं उठून चालू लागली. नीलाबाईने मुलीचा हात घट्ट धरला आणि मांडवाकडे परत गेली नाही. मग हळूहळू सगळा मांडव रिकामा झाला. कोणी रागाने उठलं, कोणी हसत, आणि पेन्शनर साहेब सर्वांत शेवटी. कमरुद्दीन, प्रणित आणि मी टॉवरपासून शंभर पावलांवर दोरी बांधून लोकांना थोपवत उभे राहिलो.

सव्वादोनला पाऊस आला. फार मोठा नाही. पूर्वेकडून फस्स असा आवाज झाला, चिखलातून पाय ओढावा तसा. ठोकळा वर आला, तार सुटली, आणि साठ फुटांचं लोखंड अख्खं मांडवावर आलं. बांबू मोडले, कापड फाटलं, लाउडस्पीकरचा चुरा झाला. आवाज थांबल्यावर पाहिलं तर टॉवर ऐन पहिल्या चटईवर आडवा पडलेला होता.

अशा वेळी गप्प राहायची अक्कल तरी असावी. पण महाराज निंबाखालून दोन्ही हात उंचावून ओरडले, "झाला! साष्टांग नमस्कार झाला!" आणि आमच्यातल्या आठ-दहा जणांनी, सवयीने म्हणा, टाळ्या वाजवल्या.

नीलाबाई टाळ्यांच्या मधून चालत निंबाखाली गेली. मुलीचा हात तिने सोडला नव्हता. आवाज न चढवता तिने विचारलं, "महाराज, तुमाले मालूम होतं का नाई?"

महाराजांनी कफनी सावरली.

"तुमाले मालूम होतं. म्हणून तुमी गादी उचलली. चटई काऊन नाई उचलली? माझी पोरगी तिच्यावर बसत होती."

टाळ्या थांबल्या. महाराजांनी दोन्ही मोबाइल उचलले आणि बसथांबा गाठला. संध्याकाळच्या बसपर्यंत सरपंचांसकट कोणीही त्यांच्याकडे फिरकलं नाही.

काही बाया गाठीतली माती परत द्यायला आल्या. डोळ्यांत पाणी होतं. "टाका घरच्या वांग्यांत," कमरुद्दीन म्हणाला. "मले गिट्टी आन सिमेंट पायजे." तो पावसात आडव्या टॉवरवर वाकून एकेक सांधा बोटांनी तपासत होता. शेवटी कपाळावरचं पाणी पुसत माझ्याकडे आला. "गुरुजी, एक बी वेल्डिंग सुटली नाई," एवढंच म्हणाला, आणि मी त्याचा हात हातात घेतला.

दिव्यानीला दुसऱ्या दिवशी मी स्वतः दवाखान्यात नेलं. तिच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. नवा टॉवर माघात उभा राहील, तिन्ही ठोकळ्यांना कुंपण घालून. कुंपणाचे खांब मी आधीच आणून टाकले आहेत. वाचकहो, तुमच्या गावात एखादी गोष्ट झुकली, हलली, घुमली, तर हात जोडायच्या आधी तिच्या मुळाशी जाऊन बघा. खड्डा दिसला तर तो कोणी खणला हे विचारा, आपलं खुरपंही तपासा. आणि तुम्हाला बसायला चटई देणारा स्वतः कुठे बसला आहे, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर आपलं लेकरू बसवू नका.